टाका, झोळी, जाळी : एका न बोलल्या गेलेल्या दुखण्याचा इतिहास

'स्ट्रेस' हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की त्याचा अर्थ विचारावा असे कोणाला वाटत नाही. परीक्षेचा स्ट्रेस, नोकरीचा स्ट्रेस, घराच्या हप्त्यांचा स्ट्रेस. त्यामुळे 'स्ट्रेस इन्कॉन्टिनन्स' हे रोगाचे नाव प्रथमच वाचणाऱ्याला हा मनाच्या ताणातून उद्भवणारा एखादा विकार असावा असे वाटले तर नवल नाही. वस्तुतः येथे स्ट्रेस म्हणजे निव्वळ शारीरिक जोर. खोकला, शिंक, हसू, जिना चढणे, पाण्याची कळशी उचलणे, यांपैकी कशानेही पोटातला दाब क्षणभर वाढतो आणि त्याच क्षणी, इच्छा नसताना, लघवी निसटते. कधी चार थेंब, कधी लुगडे भिजेल इतकी. या नावाचे श्रेय सामान्यतः इंग्लंडमधील प्रसूतितज्ज्ञ अर्डली हॉलंड यांना आणि १९२८ या वर्षाला दिले जाते. दुखणे अर्थातच नावापेक्षा फार जुने आहे, आणि त्यावरील शस्त्रक्रियाही नावाच्या आधीपासून होत होत्या.

साहित्याच्या अभ्यासकांपुढे हा विषय मांडण्याचे कारण सांगितले पाहिजे. शल्यचिकित्सकाने लिहिलेला निबंध हेही एक कथन असते. त्यात निवेदक असतो, प्रसंग असतो, शेवट असतो. आणि जिच्या शरीरावर हे सारे घडते ती स्त्री त्यात बहुधा आकड्याच्या रूपाने येते. कथनशास्त्राच्या वर्गात आपण जे प्रश्न कादंबरीला विचारतो (कोण बोलते, कोणाच्या वतीने बोलते, कोणाला बोलू दिले जात नाही), तेच प्रश्न या निबंधांना विचारले तर काय दिसते, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : या शस्त्रक्रियेच्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासात मूत्राशयाविषयीचे सिद्धान्त अनेकदा बदलले, परंतु 'ही बाई बरी झाली' असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हा त्या सर्वांच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र सर्वांत शेवटी विचारला गेला.

प्रथम शरीररचनेविषयी दोन शब्द. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा असतो. तो मिटलेला राहतो तो दोन गोष्टींच्या बळावर : एक, त्याच्या भोवतीचे स्नायू, दुसरी, त्याला खालून आधार देणारे योनीच्या पुढच्या भिंतीचे आणि तिच्याशी जोडलेल्या तंतुपटलांचे अस्तर. बाळंतपणात हे अस्तर ताणले जाते, कधी फाटते. वयाबरोबर आणि पाळी गेल्यानंतर ते आणखी दुबळे होऊ शकते. मग खोकल्याचा धक्का बसला की मूत्रमार्ग खाली सरकतो, पुरेसा मिटत नाही, आणि लघवी सुटते. घाईची लघवी आवरता न येणे हा निराळा विकार आहे. त्याचा उपचारही निराळा.

दिसणारी जखम

स्त्रियांच्या मूत्रविकारांवरील आधुनिक शस्त्रक्रियेचा इतिहास अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरी या गावापासून सुरू करण्याचा प्रघात आहे. तेथे जेम्स मॅरियन सिम्स या डॉक्टरने १८४५ ते १८४९ या काळात काही गुलाम स्त्रियांवर पुनःपुन्हा शस्त्रक्रिया केल्या. या स्त्रियांना 'फिस्टुला' झाला होता. अडलेल्या बाळंतपणात बाळाचे डोके दीर्घकाळ एकाच जागी दाबून राहिले की मूत्राशय आणि योनी यांमधला पडदा मरतो, तेथे भोक पडते आणि लघवी अहोरात्र गळत राहते. सिम्सने अखेर चांदीच्या तारेच्या टाक्यांनी ते भोक बुजवण्यात यश मिळवले आणि १८५२ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. ईथरने गुंगी आणता येते हे १८४६ मध्ये बॉस्टनला जाहीरपणे सिद्ध झाले होते. या स्त्रियांना मात्र ती दिली गेली नाही. त्यांपैकी एकीवर सुमारे तीस वेळा शस्त्रक्रिया झाली. तिचे नाव अनार्का. बेट्सी आणि ल्युसी ही आणखी दोन नावे आपल्याला ठाऊक आहेत, तीही सिम्सच्या आत्मचरित्रातून. ते त्याच्या मृत्यूनंतर, १८८४ मध्ये प्रसिद्ध झाले. या तिघींचे स्वतःचे एक वाक्यही उरलेले नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून सिम्सचा पुतळा २०१८ च्या एप्रिलमध्ये हलवला गेला, आणि २०२१ मध्ये मॉन्टगोमेरीत या तीन स्त्रियांचे स्मारक उभे राहिले.

फिस्टुला आणि आपल्या विषयातले दुखणे यांत महत्त्वाचा फरक आहे, आणि आमच्या दृष्टीने तोच मार्मिक आहे. फिस्टुला डोळ्यांना दिसतो. भोक होते, ते बुजले. लघवी गळत होती, ती थांबली. यश-अपयशाचा निवाडा करायला रुग्णाच्या साक्षीची फारशी गरज उरत नाही. खोकल्याबरोबर होणाऱ्या गळतीत मात्र भोक नसते, जखम नसते. तपासणीच्या टेबलावर आडवी झालेली स्त्री बऱ्याचदा कोरडीच असते. दुखणे असते ते तिच्या सांगण्यात.

टाका

हा फरक एका निबंधाच्या शीर्षकातच नोंदलेला आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथील हॉवर्ड केली आणि त्यांचे सहकारी विल्यम डम यांनी १९१४ मध्ये स्त्रियांच्या मूत्रस्रावावर निबंध लिहिला आणि विषयाची मर्यादा घातली ती 'मूत्राशयाला उघड इजा नसताना' अशी. 'उघड' हे विशेषण बोलके आहे. इजा असेलही, पण ती आपल्याला दिसत नाही, अशी ही कबुली आहे. केली हे साधे गृहस्थ नव्हते. जॉन्स हॉपकिन्सच्या चार आद्य प्राध्यापकांपैकी ते एक. जॉन सिंगर सार्जंट या चित्रकाराने १९०५-०६ मध्ये रंगवलेल्या चार डॉक्टरांच्या प्रसिद्ध समूहचित्रात ते आहेत. मूत्राशयाच्या आत पाहण्याचे तंत्र विकसित करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. डोळ्यांवर विश्वास असलेल्या या माणसाने ठरवले की मूत्राशयाच्या मानेपाशी असलेले स्नायूंचे वलय सैल पडले असावे. मग उपाय सरळ होता : योनीच्या पुढच्या भिंतीतून आत जाऊन त्या सैल भागाला टाके घालायचे, परकराच्या कमरेला चुण्या घालून तो आवळावा तसे.

केली यांचा हा टाका पुढे अनेक दशके जगभर घातला गेला. तो सोपा होता, धोका कमी होता, आणि सुरुवातीला गुण येई. कालांतराने बऱ्याच स्त्रियांची गळती परत सुरू होई, हे दीर्घ पाठपुराव्यातून हळूहळू उघड झाले. पाठपुरावा म्हणजे काय, तर त्या बाईला काही वर्षांनी पुन्हा विचारणे. जोवर ते झाले नाही तोवर रुग्णालयातून घरी जाण्याचा दिवस हाच कथेचा शेवट मानला जात होता.

लंडनच्या व्हिक्टर बॉनी यांनी १९२३ मध्ये निराळे निदान मांडले : स्नायूचे वलय सैल नाही, मूत्राशयाची मान आपल्या जागेवरून खाली घसरते. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी चाचणी पुढे प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवली गेली. तपासताना दोन बोटांनी मूत्राशयाची मान उचलून धरायची आणि खोकायला सांगायचे. गळती थांबली तर शस्त्रक्रियेने गुण येईल. दिसायला निर्दोष वाटणारी ही चाचणी १९८० च्या दशकात प्रत्यक्ष दाब मोजून तपासली गेली, तेव्हा लक्षात आले की बोटे नकळत मूत्रमार्गच दाबून बंद करतात. गळती थांबणारच! डॉक्टरांची बोटे जे दाखवत होती ते त्या बोटांनीच घडवलेले होते.

बॉनी यांच्या कल्पनेतून शस्त्रक्रियेची दिशा बदलली. आता आवळायचे नव्हते, उचलायचे होते. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिक्टर मार्शल, अँड्र्यू मार्केटी आणि कर्मिट क्रान्ट्झ यांनी पोटाच्या खालच्या बाजूने छेद घेऊन मूत्रमार्गाच्या दोन्ही बाजूंना टाके घालून ते पुढच्या जघनास्थीच्या आवरणाला बांधण्याची पद्धत प्रसिद्ध केली. स्त्रियांच्या दुखण्यावरील उपचार म्हणून जगभर गाजलेल्या या पद्धतीचा पहिला रुग्ण पुरुष होता, ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासकारांनी आवर्जून नोंदली आहे. पद्धतीचा दोष असा की हाडाच्या आवरणात टाका नीट बसत नसे, आणि काही जणींना त्या जागी चिवट, दुखरा दाह होई.

टेनेसीतल्या नॅशव्हिल येथील जॉन बर्च यांना १९५८ मध्ये नेमका हाच अनुभव आला. शस्त्रक्रिया चालू असताना टाके आवरणातून सुटू लागले. त्यांनी शेजारी दुसरा आधार शोधला. पुढे काही रुग्णांनंतर हाडाच्या वरच्या कडेवरचा 'कूपर'चा भक्कम तंतुबंध त्यांना अधिक सोयीचा वाटला. १९६१ मध्ये त्यांनी हा अनुभव प्रसिद्ध केला. अडचणीत सापडलेल्या हातांनी काढलेली ही वाट पुढे चाळीस वर्षे या क्षेत्राचा मानदंड ठरली. मोठा छेद टाळण्यासाठी कॅलिफोर्नियात परेरा यांनी १९५९ मध्ये लांब सुईने टाके वर ओढून घेण्याची युक्ती काढली, स्टेमी यांनी १९७३ मध्ये ती दुर्बिणीच्या साहाय्याने सुधारली. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९७ मध्ये उपलब्ध पुराव्यांची छाननी केली तेव्हा सुईच्या पद्धती दीर्घकाळ टिकत नाहीत, बर्च यांची पद्धत आणि 'झोळी' या टिकतात, असा निष्कर्ष निघाला.

या साऱ्या धामधुमीत एक आवाज वेगळा होता. लॉस एंजेलिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम सुचवला आणि तो नीट होतो आहे की नाही हे बाईला स्वतःला समजावे म्हणून दाब दाखवणारे एक साधे उपकरण तयार केले. कर्तेपण रुग्णाकडे देणारा हा या इतिहासातला पहिला उपचार म्हणता येईल. सौम्य आणि मध्यम त्रासात तो आजही पहिला उपाय मानला जातो. पण व्यायामालाही मर्यादा आहे. नेदरलँड्समध्ये ४६० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्यायामाच्या गटातील जवळजवळ निम्म्या स्त्रियांनी वर्षभरात शस्त्रक्रिया करून घेण्याचे ठरवले. शस्त्रक्रिया अनावश्यक होती, असे या इतिहासावरून कोणी म्हणू नये.

झोळी

हात मोडला की आपण तो झोळीत घालतो. मूत्रमार्गालाही खालून झोळी बांधावी, ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभीची. १९०७ मध्ये मांडीतला एक स्नायू वळवून, १९१० मध्ये ओटीपोटावरचा एक छोटा स्नायू वळवून असे प्रयोग युरोपात झाले. गोबेल, फ्रँगेनहाइम आणि स्टोकेल या जर्मन शल्यचिकित्सकांची नावे १९१० ते १९१७ च्या दरम्यान त्याला जोडली गेली. १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑल्ड्रिज यांनी पोटाच्या स्नायूवरील तंतुपटलाच्या दोन पट्ट्या काढून त्या मूत्रमार्गाखाली एकमेकींना जोडल्या. १९७८ मध्ये मॅकग्वायर आणि लिटन यांनी हीच कल्पना सुधारून पुन्हा पुढे आणली. या सर्व झोळ्यांत एक गोष्ट समान होती : कापड त्या स्त्रीच्याच शरीराचे होते.

या ठिकाणी मुंबईचा उल्लेख आवश्यक आहे. दुखणे शेजारचे, म्हणजे गर्भाशय खाली उतरण्याचे, ज्याला आपल्याकडे 'अंग बाहेर येणे' म्हणतात. पण विचार तोच. मूळचे गोव्याचे आणि मुंबईत नाव मिळवलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी मांडीच्या तंतुपटलाची पट्टी वापरून गर्भाशयाचे तोंड बांधण्याची पद्धत १९५५ मध्ये मांडली आणि ती जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. उतरलेल्या गर्भाशयाला आधार देणारी झोळीची शस्त्रक्रियाही त्यांच्या नावावर आहे. डॉ. पुरंदरे यांची पद्धत पोटाच्या तंतुपटलाच्या पट्ट्यांनी गर्भाशयाच्या ग्रीवेला आधार देते. तरुण, मूल हवे असलेल्या स्त्रीचे गर्भाशय काढून न टाकता ते सावरावे, ही या शस्त्रक्रियांमागची गरज होती. शरीराचाच धागा काढून शरीर शिवायचे, ही कारागिरी मुंबईच्या रुग्णालयांत परकी नव्हती.

झोळीचा खरा प्रश्न होता तो ताणाचा. सैल बांधली तर गळती थांबत नाही. घट्ट बांधली तर लघवीच होत नाही, आणि मग नळी घालून ती काढावी लागते. २००७ मध्ये अमेरिकेत ६५५ स्त्रियांवरील एका मोठ्या चाचणीत बर्च यांची पद्धत आणि स्वतःच्या तंतुपटलाची झोळी यांची तुलना प्रसिद्ध झाली. खोकल्याच्या गळतीपुरते पाहिले तर दोन वर्षांनी झोळीच्या गटात ६६ टक्के आणि बर्चच्या गटात ४९ टक्के यश होते. मात्र कोणत्याही प्रकारची गळती नसणे ही कडक कसोटी लावली की तेच आकडे ४७ आणि ३८ वर उतरले. लघवी करण्यातील अडथळे झोळीच्या गटात अधिक होते. त्याच स्त्रिया, त्याच शस्त्रक्रिया. 'यश' या शब्दाची व्याख्या बदलली आणि झोळीच्या गटातील प्रत्येक शंभरातल्या एकोणीस जणी यशाच्या रकान्यातून बाहेर पडल्या. आम्हांला वाटते, शब्दार्थाच्या अभ्यासकाला यापेक्षा चांगले उदाहरण सहसा सापडणार नाही.

जाळी

१९९० मध्ये पीटर पेट्रोस आणि उल्फ उल्मस्टेन यांनी आधाराचे केंद्र मूत्राशयाच्या मानेपासून मूत्रमार्गाच्या मध्यभागी हलवले. १९९४ मध्ये अमेरिकेतील जॉन डीलॅन्सी यांनी मूत्रमार्ग झोळीसारख्या अस्तरावर विसावलेला असतो आणि खोकताना त्यावर दाबला जाऊन मिटतो, असे शरीररचनेच्या अभ्यासातून दाखवले. या विचारांना अनुसरून उल्मस्टेन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये स्वीडनमधील उप्सालाहून एक शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकच्या धाग्याने विणलेली, सुमारे एक सेंटिमीटर रुंदीची जाळीदार पट्टी मूत्रमार्गाखाली, कोठेही न शिवता, सैल ठेवायची. जागा बधिर करून, रुग्ण जागी असताना. ७५ स्त्रियांपैकी ८४ टक्के दोन वर्षांनीही बऱ्या होत्या.

या पद्धतीतला एक क्षण आम्हांला विलक्षण वाटतो. पट्टी बसवल्यावर डॉक्टर टेबलावरच्या स्त्रीला खोकायला सांगतात. ती खोकते, थेंब निसटतो, पट्टी किंचित ओढली जाते. ती पुन्हा खोकते. केली ते बर्च या परंपरेत रुग्ण बहुधा बेशुद्ध होती. येथे ताण किती हवा हे तिचा खोकला सांगत होता. ज्या शस्त्रक्रियेने स्त्रीच्या शरीराला प्रथमच असे बोलते केले, तिच्याच बाबतीत पुढे स्त्रियांचे बोलणे सर्वांत कमी ऐकले गेले.

यश खरे होते, हे आधी स्पष्ट म्हटले पाहिजे. ब्रिटन आणि आयर्लंडमधील ३४४ स्त्रियांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनी जाळीच्या पट्टीने ६६ टक्के आणि बर्च यांच्या पद्धतीने ५७ टक्के स्त्रिया चाचण्यांच्या निकषांवर बऱ्या ठरल्या. २०१३ मध्ये नॉर्डिक देशांतून सतरा वर्षांचा पाठपुरावा आला; ज्यांची तपासणी होऊ शकली त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया खोकल्याच्या चाचणीत कोरड्या होत्या. छोटी शस्त्रक्रिया, त्याच दिवशी घरी. असंख्य स्त्रियांना तिने पुन्हा मोकळेपणी हसू दिले.

परंतु दुसरीही बाजू होती. अमेरिकेत नवे उपकरण आधीच्या एखाद्या मान्य उपकरणासारखे आहे असे दाखवले की बहुधा नव्या चाचण्यांवाचून विक्रीची परवानगी मिळते. १९९६ मध्ये 'प्रोटेजेन' नावाच्या झोळीला अशी परवानगी मिळाली. १९९८ च्या जानेवारीत उल्मस्टेन यांच्या पट्टीला परवानगी मिळाली, ती प्रोटेजेनशी असलेल्या साम्याचा दाखला देऊन. वर्षभराने, १९९९ च्या जानेवारीत, प्रोटेजेन बाजारातून मागे घेतली गेली, कारण ती स्त्रियांच्या शरीरात पेशी झिजवून बाहेर येत होती. तिच्या आधाराने आलेली पट्टी मात्र बाजारात राहिली, आणि तिच्या मागोमाग आणखी पट्ट्या आल्या. दोन्ही वस्तू प्रत्यक्षात वेगळ्या द्रव्याच्या होत्या, हे खरे. मग साम्य कशात होते, हा प्रश्न उरतोच. २००१ मध्ये फ्रान्सच्या डेलोर्म यांनी पट्टी जांघेच्या बाजूने नेण्याची पद्धत काढली. गर्भाशय किंवा योनी उतरण्यावरही याच प्रकारच्या, पण आकाराने बऱ्याच मोठ्या जाळ्या वापरात आल्या.

जाळी शरीरात रुजते ती तिच्या छिद्रांतून पेशी वाढल्यामुळे. तोच तिचा गुण, आणि तीच अडचण. काढायची वेळ आली तर ती सहजी निघत नाही. काही स्त्रियांमध्ये जाळी योनीत किंवा मूत्रमार्गात घुसली. काहींना जांघेत, ओटीपोटात कायमची वेदना जडली. काहींना संभोग अशक्य झाला. तक्रार घेऊन गेलेल्यांपैकी अनेकींना वेदना मनाची आहे, वयाची आहे, जाळीशी तिचा संबंध नाही, असे ऐकून परत यावे लागले. 'स्ट्रेस' या शब्दाचा दुसरा, मानसिक अर्थ असा मागच्या दाराने आत आला.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये पहिली सूचना काढली, तेव्हा तीन वर्षांत दोन्ही प्रकारच्या जाळ्यांविषयी हजाराहून अधिक नोंदी आल्या होत्या. २०११ मध्ये योनी उतरण्यावरील मोठ्या जाळ्यांतील गुंतागुंत दुर्मिळ नाही असे त्याच प्रशासनाने जाहीर केले आणि २०१९ मध्ये योनीमार्गे बसवायच्या त्या जाळ्यांची विक्री थांबवण्यास सांगितले. गळतीवरील अरुंद पट्टी मात्र तेथे वापरात राहिली. स्कॉटलंडमध्ये स्त्रियांच्या संघटित मागणीनंतर २०१४ मध्ये जाळी थांबवण्याची सूचना निघाली. इंग्लंडमध्ये २०१८ च्या जुलैत गळतीवरील पट्टीचा वापरही रोखला गेला. ज्युलिया कम्बरलेज यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सातशेहून अधिक व्यक्तींचे म्हणणे ऐकून २०२० च्या जुलैत अहवाल दिला. या स्त्रिया वर्षानुवर्षे सांगत होत्या आणि व्यवस्थेने ते ऐकले नाही, हे त्या अहवालाचे सार आहे. किती स्त्रियांना जाळी बसवली, त्यांतील किती जणींना त्रास झाला, याची पक्की नोंदही ठेवली गेली नव्हती. अहवाल आल्यावर सरकारने संसदेत माफी मागितली.

'तक्रार' या शब्दाचे वजन

आता या इतिहासातल्या एका लहानशा, केवळ शब्दांच्या बदलाकडे वळतो. मूत्रनियंत्रणाच्या अभ्यासकांची एक आंतरराष्ट्रीय संस्था या क्षेत्रातील संज्ञांच्या व्याख्या ठरवते. १९७० च्या दशकात तिने केलेल्या व्याख्येनुसार, लघवीवर ताबा नसणे हा विकार ठरण्यासाठी गळती सामाजिक किंवा स्वच्छतेच्या दृष्टीने अडचणीची असली पाहिजे, आणि ती वस्तुनिष्ठपणे दाखवता आली पाहिजे. म्हणजे बाई सांगते एवढ्याने भागत नाही. डॉक्टरांना दिसले पाहिजे. २००२ मध्ये ही व्याख्या बदलली. नव्या व्याख्येत विकार म्हणजे अनिच्छेने होणाऱ्या कोणत्याही गळतीची 'तक्रार'. दाखवता येण्याची अट गेली. केली यांच्या शीर्षकातले 'उघड' हे विशेषण अठ्ठ्याऐंशी वर्षांनी गळून पडले.

रोगाविषयी स्त्रीचे म्हणणे शास्त्राने २००२ मध्ये ग्राह्य मानले. उपचाराविषयीचे तिचे म्हणणे ग्राह्य ठरायला २०२० उजाडले. मधल्या अठरा वर्षांत जगभर जाळीच्या पट्ट्या बसवल्या जात होत्या, आणि बऱ्याच चाचण्यांत यश मोजले जात होते ते खोकल्याची चाचणी आणि पॅडचे वजन यांनी. ज्या स्त्रीची गळती थांबली पण जिला खुर्चीवर बसवेना, ती त्या तक्त्यात 'बरी' होती. आकडा खोटा नव्हता. त्याने विचारलेला प्रश्न अपुरा होता.

महाराष्ट्राच्या संदर्भात ही गोष्ट एक पाऊल अलीकडे सुरू होते. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते, आणि त्याआधी तपासणी झाली होती ती फक्त ८ टक्के स्त्रियांची. तो अभ्यास प्रामुख्याने इतर विकारांचा होता, खोकल्याच्या गळतीचा नव्हता. परंतु दुखणे आणि बोलणे यांतले अंतर त्याने मोजून दाखवले. राणी बंग यांच्या स्त्रियांच्या आरोग्यावरील मराठी पुस्तकाचे नाव 'कानोसा' आहे, हे या ठिकाणी आठवते. कम्बरलेज समितीपुढे आलेल्या स्त्रियांची तक्रार ऐकली गेली नव्हती. आपल्याकडे बऱ्याच जणींची तक्रार उच्चारलीच जात नाही. देवळात जाणे बंद होते, लग्नाकार्यात पुढे बसणे बंद होते, एस.टी.चा प्रवास टळतो, आणि घरातल्यांना त्याचे कारण कळत नाही. 'वयपरत्वे असे व्हायचेच' या वाक्यावर विषय मिटतो.

या दुखण्याला मराठीत सर्वमान्य असे एक नाव नाही. 'लघवी निसटते', 'खोकलं की होतं', 'ताबा राहत नाही' अशी वाक्ये आहेत, आणि 'ते' नावाचे एक सर्वनाम आहे, ज्याच्या आड बरेच काही लपते. परिभाषाकोशातून एखादा जडजंबाळ संस्कृत शब्द काढून देणे अवघड नाही, पण तो शब्द कोणतीही बाई दवाखान्यात उच्चारणार नाही. 'खोकलं की होतं' हे तीन शब्द वास्तविक नेमके निदान आहे : अर्डली हॉलंड यांना 'स्ट्रेस' या शब्दाने जे म्हणायचे होते ते त्यात पूर्णपणे आले आहे, आणि मनाच्या ताणाचा घोटाळाही त्यात नाही.

आज उपचार निवडायचा तर पर्याय पुष्कळ आहेत : व्यायाम, बर्च यांची शस्त्रक्रिया, स्वतःच्या तंतुपटलाची झोळी, जाळीची पट्टी. इंग्लंडमध्ये जाळी थांबल्यावर जुन्या दोन शस्त्रक्रियांना पुन्हा महत्त्व आले, आणि त्या नव्याने शिकण्या-शिकवण्याची गरज निर्माण झाली. यांतील कोणताही उपाय निर्धोक नाही आणि कोणताही टाकाऊ नाही. कोणत्या बाईला कोणता योग्य, हे ठरवताना काय कळले पाहिजे ते मात्र आता ठाऊक झाले आहे : तिला नेमके काय करता येत नाही, काय परत हवे आहे, कोणता धोका ती पत्करील आणि कोणता पत्करणार नाही. हे कोणत्याही यंत्रावर उमटत नाही. त्यासाठी तिला विचारावे लागते, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावे लागते. शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांनी पुन्हा एकदा.